वचन नेमकं कोणाला दिलंय?

वर एकांनी विचारलंय, की मंडळीपुढे (म्हणजे चर्चपुढे) अधोलोकाच्या द्वारांचं काही चालणार नाही हे मत्तय १६:१८ मधलं वचन खरं असेल, तर संत ऑगस्टीन जिथे बिशप होते त्या उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरातली मंडळी गेली कुठे? प्रश्न रास्त आहे, 'विश्वास ठेवा' म्हणून तो उडवून लावू नये. उत्तर आफ्रिकेतल्या त्या जुन्या मंडळ्या खरंच नामशेष झाल्या. पण वचन अख्ख्या ख्रिस्तमंडळीला आहे, गावोगावच्या मंडळ्यांना नाही. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला तर प्रभू सरळ बजावतो, पश्चात्ताप केला नाहीस तर तुझी समई काढून घेईन, म्हणजे ती मंडळीच उरणार नाही.

आता जपान बघा. १५९७ साली नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता. १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे दोनशेहून अधिक वर्षं गावांत धर्मगुरू नाही; घरचेच लोक बाप्तिस्मा देत, कॅनन या बौद्ध करुणादेवीच्या मूर्तीपुढे मारियेची प्रार्थना करत. मार्च १८६५ मध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावचे, असे लपून विश्वास जपणारे काही गावकरी आले आणि तिथले फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांना हळूच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? बंदी उठली १८७३ ला, आणि तोवर उराकामीतल्या हजारोंना हद्दपारी भोगावी लागली.

यांच्या कित्येक पूर्वजांनी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय देऊन जीव वाचवला होता बरं का. त्यामुळे ती मंडळी माणसांच्या शौर्यावर टिकली असं मला तरी म्हणवत नाही.