'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम:
वकिलांच्या ट्रेनिंगचं मटेरियल मराठीत करतेय, 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड लॉयरिंग'पाशी गाडी अडलीये, म्हणजे अत्याचार, अपघात असलं काही सोसलेल्या अशिलाच्या मनावर काय परिणाम झालाय ते ओळखून वकिली करणं. मशीनने 'आघात-माहितीपूर्ण वकिली' दिलंय, हसू की रडू कळेना. सुचवा काहीतरी.

जोडाक्षर:
आघात म्हटलं की मला आधी स्वराघात आठवतो नाहीतर पक्षाघात 😄 मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'जखम', हॉस्पिटलातल्या ट्रॉमा सेंटरात अजून तोच आहे, मनाची जखम हा अर्थ नंतर चिकटला. साधं 'मानसिक धक्का' का नको?

काना_मात्रा:
धक्का त्या क्षणापुरता हो. मागे राहतो तो धसका. 'त्याने पाण्याचा धसका घेतलाय' म्हणतो तेव्हा बुडता बुडता वाचल्याला वर्षं झालेली असतात. कोर्टात दिसतं ते हेच, माणूस साक्षीला उभा राहतो, तारीख विचारली की गडबडतो, आधी काय नंतर काय ह्याचा क्रम लागत नाही पण दाराच्या कडीचा आवाज मात्र लख्ख आठवतो, आणि उलटतपासणीत नेमकी हीच विसंगती म्हणून धरली जाते. (गडबडला म्हणजे खरंच बोलतोय असंही नाही, ते वेगळं.)

जोडाक्षर:
मान्य, पण धसक्यात फक्त भीती आली. कोणी बधिर होतं, कोणी आपल्याच वकिलावर खेकसतं, ते कसं बसवणार? त्यापेक्षा आघातच बरा. खरी गोची इन्फॉर्म्डची आहे, त्यात माहितीपेक्षा वागणं जास्त आहे. अमेरिकेतल्या 'सॅम्सा' ह्या सरकारी संस्थेने २०१४ साली चार गोष्टी मांडल्या, आघाताचे परिणाम किती दूरवर जातात ते समजून घेणं, खुणा ओळखणं, त्याप्रमाणे आपलं काम बदलणं आणि पुन्हा आघात होऊ न देणं. ह्याला मराठीत 'भान' म्हणतात, दुसरा शब्द नाही.

काना_मात्रा:
आणि त्या चौथ्याला 'पुनराघात' वगैरे करू नका प्लीज, 'खपली काढणे' आहे ना! 'तेव्हाच का नाही सांगितलंत?' ही खपली काढली. 'जिथून जमेल तिथून सांगा, मध्ये थांबलात तरी चालेल' हे भान. तीच हकीकत चार जणांपुढे चारदा सांगायला लावणं हीसुद्धा खपलीच.

अर्धविराम:
वा! 'आघाताचं भान ठेवून वकिली' करते मग. लांब आहे पण कळतं तरी. 'आघातसजग' पण मनात होतं, पण त्यात पहारेकरी दिसतो. आता पुढचं, 'व्हायकेरियस ट्रॉमा'. असल्या फाइली रोज वाचून वाचून वकिलाचीच झोप उडते तो. 'उसना आघात' कसा वाटतो?

जोडाक्षर:
उसनं परत करता येतं हो.

काना_मात्रा:
'झिरपलेला'?

अर्धविराम:
घेतला.