आयक्लर घरात आजोळचा झोपाळा टांगता येईल का? आणि लाकडी भिंती रंगवू का?

सनीवेलची_सई:
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी आम्ही सनीवेलमध्ये १९६१ सालचं आयक्लर घर घेतलं. जोसेफ आयक्लर या बिल्डरने १९४९ च्या सुमारापासून कॅलिफोर्नियात अशी जवळपास ११ हजार घरं बांधली. रस्त्यावरून बघाल तर नुसती बंद लाकडी भिंत. दार उघडलं की थेट आभाळ! मध्ये उघडा चौक आणि त्याच्या कडेने जमिनीपासून छतापर्यंत काचा. घर दाखवणाऱ्या बाई 'एट्रियम, एट्रियम' म्हणत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर वाईचा वाडा होता. त्याच क्षणी मी मनाने ते घर घेऊन टाकलं.

आता अडचण. दिवाणखान्याच्या भिंतींना मूळचं तांबूस लाकूड आहे, लवान म्हणतात त्याला. दोन झोपायच्या खोल्यांत आधीच्या मालकांनी त्यावर पांढरा रंग फासलाय. रंगारी म्हणतो, उरलेलंही पांढरं करा, घर उजळेल. संध्याकाळी खोली अंधारते हे खरं, पण हात धजत नाही.

दुसरं, वाडा विकला तेव्हा मामाने आजीच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या मला दिल्या. सहा वर्षं त्या बॅगेत गुंडाळून पडल्यात. चौकाच्या कडेला छताची तुळई उघडीच दिसते, तिथे टांगाव्यात असं मनात आहे. नवरा म्हणतो, घर १९६१ चं ठेवायचं तर सामानही तेव्हाचंच हवं. त्याला ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याची ती प्रसिद्ध आरामखुर्ची हवी आहे. नवी घेतली तरी पाच हजार डॉलरच्या पुढे जाते. मला ती आवडत नाही असं नाही, पण मग आजीच्या कड्या कुठे जाणार?

पालोआल्टोकर:
सई, आधी हात जोडून सांगतो, लाकूड रंगवू नका. आम्ही चौदा वर्षं आयक्लरमध्ये राहतोय आणि आमच्या आधीच्यांनी दिलेला रंग काढायला दोन उन्हाळे गेले. वरचा लाकडाचा पापुद्रा इतका पातळ असतो की जरा जास्त घासलं की खालचा थर दिसतो. शेवटी एका खोलीत फळ्याच नव्या लावल्या. तुमच्या खोल्यांतला रंग घासण्याआधी त्यात शिसं आहे का तपासून घ्या, १९७८ च्या आधीच्या घरांत ते असू शकतं. अंधार वाटतो तो दिव्यांमुळे. वरून झोत टाकणारे दिवे त्या लाकडावर पडतच नाहीत. नोगुची या जपानी-अमेरिकी शिल्पकाराच्या कागदी कंदिलासारखे गोल, मऊ उजेडाचे दिवे खाली लोंबते ठेवा आणि एक उभा दिवा भिंतीकडे वळवा. लाकूड मधासारखं दिसायला लागतं.

जमिनीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. या घरांत काँक्रीटच्या जमिनीतच गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या असतात. खिळा, बोल्ट, ड्रिल काहीही जमिनीत घालायचं नाही. एक नळी फुटली तर अख्खी जमीन खणायची वेळ येते. जाड गालिचाही नको, ऊब खालीच अडकते. आम्ही सोलापूरहून आणलेल्या सतरंज्या घातल्या आहेत. डिसेंबरात त्या उबदार जमिनीवर मांडी घालून जेवायला बसतो. आईला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, तर ती अनवाणी फिरून ऊब घेते.

तुळई_आणि_खांब:
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, पण घर पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही. या घरांत भिंतींवर फारसा भार नसतो, छत खांब आणि तुळयांवर उभं असतं. म्हणजे तुमची तुळई आधीच कामाला जुंपलेली आहे. दोन मोठी माणसं आणि फळी मिळून दीडशे किलो सहज होतात, आणि झोका घेतला की ओढ त्याहून वाढते. सर्वांत मोठी चूक म्हणजे तुळईच्या मध्यावर खालून भोक पाडून हूक बसवणं. लाकडाचा खालचा भागच ताण सोसत असतो, नेमकं तिथेच ते कापू नका. जागेवर इंजिनिअर बोलावून मोजमाप करून घ्या. तुळईची टोकं ओल लागून कुजलेली नाहीत ना, हेही बघायला सांगा, सपाट छताच्या घरांत ते नेहमी आढळतं. तुळई नको म्हणाली तर झोपाळ्याला स्वतंत्र लाकडी चौकट करा. रुंद पायांची, जमिनीत न ठोकता उभी राहणारी.

शिवाजीपार्क_दुसरा_मजला:
सईताई, यजमानांना एक सांगा. चार्ल्स आणि रे ईम्स १९५८ मध्ये भारतात फिरले आणि सरकारला एक अहवाल दिला, त्यातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलंय? आपल्या तांब्याचं! तो हातात कसा बसतो, काखेत कसा धरतात, पाणी ओतताना कसा कलतो, हे सगळं त्यांनी बारकाईने पाहिलंय. मग त्यांची खुर्ची घरात चालते आणि आजीचं पितळ चालत नाही, असं कसं?

मी अंतर्गत सजावटीचं काम करते. या शैलीत मला महत्त्वाची वाटते ती सामानाखालची मोकळी जागा. फर्निचर बुटकं, पाय बारीक, खालून जमीन दिसली पाहिजे. आमच्या दादरच्या घरात आजोबांनी सुताराकडून करून घेतलेलं तिरप्या पायांचं सागवानी कपाट आहे, वेताच्या पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. ते तुमच्या सनीवेलमध्ये अगदी सहज शोभेल. झोपाळ्याची फळी नुसती सरळ ठेवा, कोरीव काम नको, गादी एका रंगाची. आणि कड्या घासून लखलखीत करू नका, त्यांचा काळवंडलेला रंग त्या तांबूस लाकडाशी छान जुळेल.

सनीवेलची_सई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रंगाऱ्याला नाही म्हणून कळवलं. तांब्याची गोष्ट काल जेवताना वाचून दाखवली, नवरा बराच वेळ गप्प होता. मग उठून बॅग काढली आणि कड्या त्यानेच चौकात नेऊन पसरल्या. चार कड्यांपैकी एकीचा एक दुवा झिजलाय. इंजिनिअर शनिवारी येतोय. तोवर एकच, कड्या फार करकरतात, आजी खोबरेल लावायची. इथे लावू का?

पालोआल्टोकर:
खोबरेल नको, थंडीत थिजतं. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब. आणि तो झिजलेला दुवा बदलल्याशिवाय कुणालाही बसू देऊ नका.