रामलक्ष्मण: चौकाला नाव द्यायचं की वादकांना गाठायचं?

बर्डीकर: विजय पाटील, म्हणजे रामलक्ष्मण या संगीतकार जोडीतले लक्ष्मण, २२ मे २०२१ला इथेच नागपुरात गेले. दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासून 'हम साथ साथ हैं'पर्यंतचा पसारा! आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना त्यांच्या नावाचा चौक हवाय. मला नकोय. पाटीवर वाढदिवसाचे फ्लेक्स चढतात आणि ऑटोवाल्याला आपण जुनंच नाव सांगतो. त्यापेक्षा त्यांच्यासोबत वाजवलेले वादक गाठा. ढोलकीचा ठेका कुणी सुचवला, कोणता तुकडा ऐन रेकॉर्डिंगला बदलला, ते बोलतं करून टेप करा. पाटी काय, पन्नास वर्षांनीही लागेल.

संत्रानगरी: त्या टेपा ऐकणार कोण? चार अभ्यासक! रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे. पोरांच्या कानावर निदान नाव तरी पडतं.

महालवाला: काहून बाप्पा! 'देशपांडेला प्रोग्राम आहे' म्हणून राहिले सारे. त्यातल्या कितींनी वसंतरावांचं गाणं ऐकलं, विचारा बरं.

संत्रानगरी: नावात काही नाही म्हणता, मग खुद्द पाटलांनी काय केलं? 'एजंट विनोद' मिळाला आणि जोडीदार राम, म्हणजे सुरेंद्र, १९७६ला वारले. तरी पाटलांनी पुढचं सगळं काम 'रामलक्ष्मण' म्हणूनच केलं. 'मैंने प्यार किया'चं फिल्मफेअर याच जोडनावाला मिळालं. याहून मोठं स्मारक दाखवा.

धंतोली७०: राम म्हणजे 'पिंजरा'वाले राम कदम ना?

बर्डीकर: घ्या! नाही हो, ते वेगळे. संत्रानगरी, बघा, इतकी वर्षं पडद्यावर नाव झळकलं आणि माणूस दुसऱ्याच्याच खात्यात गेला. पाटलांनी मैत्री निभावली, त्याला तोड नाही. पण सुरेंद्र कोण, चाल बांधताना कुणाचा वाटा किती, हे नावातून कसं कळणार? लोकांना तर रामलक्ष्मण एकच गृहस्थ वाटतात.

काळा कोट: मुलाखती घ्या, पण गाणी उचलून नेटवर टाकू नका. संगीतरचनेचा हक्क रचनाकार गेल्यावर ६० वर्षं राहतो. इथे २०८१ संपेपर्यंत, मग तो हक्क कुणाकडेही असो.

संत्रानगरी: चौकाला नाव द्यायला मात्र कायदा आडवा येत नाही!

बर्डीकर: मुलाखतीलाही येत नाही. वादकाची परवानगी आणि एक मोबाइल, बस. सत्तरी ओलांडलेल्यांपासून सुरुवात करू.

संत्रानगरी: करा. मी नगरसेवकाला निवेदन देतोच आहे.