मदत हवी आहे : घरकाम आणि व्यायाम यांची आठवड्याची घडी कशी बसवावी?
नमस्कार. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते आणि तेवढा तरी आपल्या हातून नियमित व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सोमवार ते बुधवार सकाळी ३० मिनिटे चालणे ठरल्याप्रमाणे होते. गुरुवारी मात्र खुर्चीवर साचलेला वाळलेल्या कपड्यांचा ढीग दिसला, की पायांत चढवलेले बूट मी पुन्हा काढून ठेवते आणि तिथून पुढचा सगळा आठवडा विस्कटतो. साफसफाई रविवारवर ढकलून पाहिली, पण त्यात विश्रांतीच गेली. रोज एक खोली अशी वाटणी करावी, की कामानुसार वार ठरवावेत? चुकलेले काम दुसऱ्या दिवशी भरून काढावे, की सोडून द्यावे? ज्यांची अशी घडी काही महिने टिकली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.