गरम झाल्यावर बंद पडणारं मोवरचं इंजिन

कार्बोरेटर साफ केला, प्लग नवा टाकला, तरी तुमच्या बसून गवत कापायच्या मोवरचं इंजिन अर्ध्या तासाने बंद पडतं आणि गार झालं की पुन्हा चालू होतं, असं तुम्ही म्हणताय. मग कार्बोरेटर परत खोलण्याआधी टाकीचं झाकण बघा. त्यातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की टाकीत बाहेरची हवा येत नाही आणि पेट्रोल उतरणं थांबतं. इंजिन गचके देऊ लागताच झाकण सैल करा. सावरलं, तर चोर सापडला.

नाहीतर माझा संशय इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागावर. जुनी कॉइल तापली की दगा देते, गार झाली की साळसूद! म्हणून इंजिन बंद पडल्या पडल्याच ठिणगी तपासायची, आणि तीही स्पार्क टेस्टर लावून. पेट्रोलच्या वाफेजवळ उघडा प्लग नको. ठिणगी नसेल तर कॉइलची किल वायर (इंजिन बंद करणारी वायर) काढून पुन्हा बघा. आता आली, तर कॉइल ठीक, दोष सीटखालच्या, माणूस उठला की इंजिन बंद करणाऱ्या सेफ्टी स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. (खड्ड्यात उसळल्यावरच बंद पडत असेल तर आधी तो स्विचच.) ही वायर काढली की चावीने इंजिन बंद होत नाही आणि सेफ्टी स्विचही निकामी होतात, त्यामुळे ब्लेड बंद ठेवा आणि तपासून झाल्यावर ती लगेच जोडा.