कॉमिक्सच्या संग्रहाचा डेटाबेस: टेबलं कशी पाडायची?

पिवळी_पानं

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. माझ्याकडे बऱ्यापैकी कॉमिक्स साठलेत, बहुतेक अमेरिकन सुपरहिरोंचे मासिक अंक, थोडे टिनटिन-अ‍ॅस्टेरिक्सचे अल्बम आणि थोडं मांगा (जपानी कॉमिक्स). सगळ्याची यादी स्प्रेडशीटमध्ये आहे, एका ओळीला एक अंक, नाव नंबर प्रकाशक वर्ष आणि शेवटी शेरा नावाचा एक रकाना ज्यात बाकी सगळं कोंबलंय. यादी लहान होती तोवर भागलं, आता नाही भागत.

त्रास असा की नंबरवर सॉर्ट मारलं की १, १०, १००, १०१ आणि मग २. अर्धा नंबर असलेले अंक असतात ना, एक छेद दोन, तो टाकला की त्याची तारीख होऊन बसते. बारकोड स्कॅन करून टाकला तर शेवटचे आकडे शून्य होतात, का ते कळत नाहीये. एकाच अंकाच्या दोन प्रती असल्या तर दोन ओळी करायच्या की एका ओळीत "२ नग" लिहायचं हेही ठरत नाही. आणि एकाच नावाच्या दोन-तीन वेगळ्या मालिका आहेत त्या तर पार एकमेकांत मिसळल्यात.

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) कामापुरतं येतं. एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) स्वतः करावं की तयार अ‍ॅप घ्यावं? स्वतः केलं तर टेबलं कशी पाडावीत? जाणकारांनी सविस्तर सांगा, घाई नाही.

---

रकानेकर

चांगला धागा. आधी बारकोडचं सांगतो कारण तिथे तुमची माहिती खरोखर पुसली जातेय.

अमेरिकन अंकांच्या बारकोडला दोन भाग असतात, मोठा १२ आकडी आणि शेजारी छोटा ५ आकडी. मोठा भाग मालिकेचा. छोट्यातले पहिले तीन आकडे म्हणजे अंकाचा नंबर, चौथा म्हणजे कव्हर कुठलं आणि पाचवा म्हणजे छपाई कितवी. ००१११ असेल तर अंक १, पहिलं कव्हर, पहिली छपाई. ००१२१ म्हणजे तोच अंक पण दुसरं कव्हर, आणि ००११२ म्हणजे पहिल्या कव्हरची दुसरी छपाई. आता १२ आणि ५ मिळून झाले १७, आणि स्प्रेडशीट कुठलीही संख्या १५ आकड्यांपर्यंतच नीट धरते, पुढच्या जागी शून्य भरते. म्हणजे जातात ते नेमके कव्हर आणि छपाईचे दोन आकडे, ज्यांच्यासाठी आपण स्कॅन करतो तेच! तो रकाना आधी टेक्स्ट करा आणि मगच स्कॅन करा, गेलेले आकडे नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाहीत, प्रत हातात घेऊनच पुन्हा टाकावे लागतात. डेटाबेसमध्येही बारकोड टेक्स्टच ठेवायचा, सुरवातीचा शून्य असला तर तोही टिकतो. (जुन्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या प्रतींवर छोटा भाग २ आकडीच असायचा आणि त्याहून जुन्यांवर बारकोडच नाही, म्हणून बारकोड ही मुख्य की (ओळ ओळखायची एकमेव खूण) कधीच करू नका.)

आता टेबलं. माझ्या मते चार लागतात, मालिका, अंक, आवृत्ती आणि प्रत. सगळं गाडं अडतं ते अंक आणि प्रत एकच समजल्यामुळे. अंक म्हणजे प्रकाशकाने काढलेली गोष्ट, ती जगात एकदाच असते. प्रत म्हणजे तुमच्या खोक्यातला तो कागद, त्याची स्टेपल गंजलेली आहे, तो अमुक दिवशी घेतला, तमुक खोक्यात आहे. एकदा हे वेगळं केलं की "२ नग" वाला प्रश्नच उरत नाही, अंक एक, प्रती दोन, प्रत्येकीची अवस्था आणि जागा वेगळी.

मधलं आवृत्तीचं टेबल कशाला ते सांगतो. १९९१ सालचा एक्स-मेनचा अंक १ घ्या, पाच वेगवेगळी कव्हरं, आतली गोष्ट तीच. अंक एकच आहे पण संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू पाच आहेत. अंकाखाली पाच आवृत्त्या आणि प्रत ही आवृत्तीला जोडलेली, म्हणजे कुठलं कव्हर आहे आणि कुठलं नाही हे लगेच कळतं.

आणि हाच एक्स-मेन तुमच्या मिसळलेल्या मालिकांचंही उत्तर आहे. १९६३ ला सुरू झालेली एक्स-मेन ही वेगळी मालिका आणि १९९१ ची वेगळी, म्हणून मालिकेची ओळख नुसत्या नावाने करायची नाही, नाव अधिक सुरू झाल्याचं वर्ष अधिक प्रकाशक अशी करायची. नाव कुठून घ्यायचं तर कव्हरवरच्या मोठ्या अक्षरांवरून नाही, आत पहिल्या पानाखाली किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक टायपात प्रकाशनाची माहिती असते, इंडिशिया म्हणतात तिला, तिथून. १९६३ च्या त्याच मालिकेच्या कव्हरवर अनकॅनी हा शब्द बराच आधी आला, इंडिशियात नाव बदललं ते १४२ पासून. कव्हर बघून नोंद केलीत तर एकाच मालिकेचे तुमच्याकडे दोन तुकडे होतील.

नंबरसाठी दोन रकाने, एक दाखवायचा जो टेक्स्ट आणि एक सॉर्टचा जो दशांश संख्या. अर्धा असेल तर दाखवायला जसा छापलाय तसा आणि सॉर्टला ०.५. अमेझिंग स्पायडरमॅनमध्ये ७००.१ ते ७००.५ आहेत, मार्व्हलने १९९७ मध्ये चक्क उणे एक नंबरचे अंक काढलेत, डीसीने १९९८ मध्ये दहा लाख नंबरचे! हे सगळं दोन रकान्यांत आरामात बसतं, एकात बसवायला गेलात तर दर वेळी तडजोड.

---

तयार_माल

रकानेकरांचं सगळं पटतं पण थोडी दुसरी बाजू. धागाकर्त्याला डेटाबेस बनवायचाय की संग्रहाची नोंद हवीय? दोन्ही कामं वेगळी आहेत. सीएलझेड कॉमिक्स किंवा लीग ऑफ कॉमिक गीक्स असं तयार अ‍ॅप घेतलं की बारकोड मोबाईलने वाचायचा, कव्हर-लेखक-चित्रकार-तारीख सगळं आपोआप भरून येतं, तुम्ही फक्त खोका आणि अवस्था टाका. हाताने लेखक-चित्रकार भरत बसलं तर पहिल्या खोक्यातच उत्साह संपतो, असं होताना पाहिलंय लोकांचं.

एक मात्र नक्की बघा, अ‍ॅप कुठलंही घ्या, सगळा डेटा सीएसव्हीत (कुठेही उघडणारी साधी टेक्स्ट फाइल) बाहेर काढता येतो का आणि त्यात तुम्ही स्वतः लिहिलेले शेरे येतात का. वर्गणी बंद केली किंवा कंपनीने गाशा गुंडाळला तर हातात काय राहणार, एवढाच प्रश्न. घेतल्या दिवशी दहा-बारा अंक टाकून एक्सपोर्ट करून बघा, मगच पुढचे टाका.

---

पिवळी_पानं

दोघांचे मनापासून आभार. १५ आकड्यांचं वाचून आत्ता शीट उघडून बघितली, खरंच सगळ्यांच्या शेवटी दोन शून्यं आहेत.

अंक आणि प्रत वेगळी हे एकदम पटलं. आता तीन उपप्रश्न. मालिकेचे नंबर मध्येच बदलतात त्याचं काय करायचं, म्हणजे पुन्हा १ पासून सुरू आणि मग एकदम जुन्या मोठ्या नंबरावर परत? तारखेच्या रकान्यात काय टाकायचं, फक्त महिना छापलेला असतो. आणि अल्बम, मांगा, शिवाय जाडजूड संकलनं याच टेबलांत जातात का?

---

शाईचा_डाग

तारखेचं मी सांगते. डेट प्रकारचा रकाना ठेवलात तर तो दिवस मागतो, मग लोक सगळीकडे १ तारीख ठोकतात आणि पुढे खरी कुठली आणि ठोकलेली कुठली हे समजायचं काही साधन राहत नाही. जे छापलंय ते जसंच्या तसं टेक्स्टमध्ये, कारण कधी महिन्याऐवजी "हिवाळा" असंही असतं, आणि शेजारी वर्ष-महिना असा सॉर्टचा रकाना. हेही लक्षात असू द्या की कव्हरवरचा महिना हा बाजारात आल्याचा महिना नसतो. अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकावर जून १९३८ आहे, तो विक्रीला आला एप्रिलमध्ये. विक्रेत्याने अंक स्टँडवरून कधी काढायचा त्या हिशेबाने पुढची तारीख घालायचे. तुम्हाला कथाक्रमाने वाचायचं असेल, दोन-तीन मालिकांतून फिरणारी गोष्ट असेल, तर विक्रीची तारीख जास्त कामाची, तिला वेगळा रकाना द्या.

अवस्थेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून बोलते. ०.५ ते १० च्या पट्टीवर प्रत्येक प्रतीला आकडा द्यायचा मोह होतो, घरच्या नोंदीत मला त्याचा उपयोग फारसा दिसत नाही, आज ७ वाटलेली प्रत पुढच्या महिन्यात ६ वाटते. त्यापेक्षा दोष लिहा. "मधली स्टेपल सुटलीय, मागच्या कव्हरला कोपऱ्यात घडी, पान ११ ला टेप." विकायची वेळ आली, विमा काढायचा झाला किंवा प्रत कुणाला वाचायला दिली तर हे वाक्य उपयोगी पडतं, आकडा नाही. आणि प्रतीच्या टेबलात पिशवी बदलल्याची तारीख ठेवा. साधी पॉलीप्रॉपिलीनची पिशवी काही वर्षांनी बदलावी लागते, मायलर (पॉलिएस्टरची पिशवी) टिकतं. न्यूजप्रिंटवरचे जुने अंक आतल्या आम्लानेच पिवळे पडत जातात, त्यांचा बॅकबोर्ड (पिशवीत मागे घालतात तो पुठ्ठा) आम्लरहित आहे का हेही तिथेच टिपून ठेवा.

कव्हरचे फोटो डेटाबेसच्या आत भरू नका, फाइल जड होते. वेगळ्या फोल्डरमध्ये, फाइलचं नाव म्हणजे प्रतीचा आयडी, बस.

---

रकानेकर

+१, विशेषतः दोष लिहिण्याबद्दल.

नंबर बदलण्याचं अ‍ॅक्शन कॉमिक्सवरूनच सांगतो. १९३८ पासून ९०४ पर्यंत गेली, २०११ ला पुन्हा १, बावन्न अंक झाले आणि २०१६ ला एकदम ९५७. हिशेब जुळतो, ९०४ अधिक ५२ म्हणजे ९५६, त्याच्या पुढचा. याला दोन मालिका धरायच्या, २०११ ची स्वतंत्र आणि ९५७ पासूनचे परत १९३८ च्या मालिकेत, की तीन धरायच्या यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझा नियम साधा, अंकावर जो नंबर छापलाय तो नंबर रकान्यात आणि एकूण क्रम हवा असेल तर "सलग नंबर" असा तिसरा रकाना. छापलेला नंबर कधीही बदलायचा नाही, आपला अर्थ वेगळ्या रकान्यात लिहायचा.

आता तयार_माल यांच्या मुद्द्यावर. हाताने सगळं भरू नका हे अगदी बरोबर, पण त्यासाठी अ‍ॅपच हवं असं नाही. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस म्हणून स्वयंसेवकांनी १९९४ पासून चालवलेला प्रकल्प आहे, अंकांची प्रचंड माहिती, खातं उघडलं की अख्खा डेटा उतरवून घेता येतो, नाव द्या आणि त्याच अटींवर पुढे वाटा अशा परवान्यावर. कव्हरची चित्रं त्यात येत नाहीत. तो उतरवून घ्यायचा आणि आपल्या मालिका व अंकाच्या टेबलात त्यांचा आयडी साठवायचा. लेखक, चित्रकार, शाई, अक्षरलेखन हे सगळं त्यांच्याकडे आहे, ते पुन्हा लिहायचं कारण नाही. तुमच्या स्वतःच्या हाताने भरायचं ते फक्त प्रतीचं टेबल, कारण ते दुसऱ्या कुणाला माहीतच नसतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा गहाळ अंकांच्या यादीत आहे. नुसती आपल्या प्रतींची यादी असेल तर काय नाही हे कसं कळणार? अंकांचं टेबल पूर्ण भरलेलं असलं की त्याला आवृत्तीतून प्रतींशी लेफ्ट जॉइन करायचं (म्हणजे प्रत असो वा नसो, सगळे अंक घ्यायचे), जिथे एकही प्रत सापडत नाही ते अंक बाहेर येतात. फक्त मालिकेच्या टेबलात "पूर्ण करायचीय" असा हो-नाहीचा रकाना ठेवा, नाहीतर एखादाच अंक घेतलेल्या मालिकांचे शेकडो अंक त्या यादीत येऊन बसतील.

---

सीबीझेडप्रेमी

डिजिटल कोणी असेल तर दोन ओळी. डिजिटल कॉमिक्सची सीबीझेड फाइल म्हणजे साधी झिप असते, तिच्यात कॉमिकइन्फो नावाची एक्सएमएल फाइल ठेवता येते, मालिका, नंबर, वर्ष, लेखक सगळं त्यात. ही पद्धत कॉमिकरॅकमधून आली, आता कोमगा, कविता वगैरे बरेच प्रोग्राम ती वाचतात. माहिती फाइलच्या पोटातच राहते, उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी सोबत येते. सीबीआर (तेच, पण झिपऐवजी रारमध्ये बांधलेलं) असतील तर आधी सीबीझेड करून घ्या, रारच्या आत लिहिता न येणारे प्रोग्राम खूप आहेत. आपल्या डेटाबेसमध्ये डिजिटल ही प्रतच धरायची, खोक्याच्या जागी फोल्डरचा पत्ता.

---

शाईचा_डाग

अल्बम आणि मांगाचा प्रश्न राहिला. टेबलं तीच चालतात, खंड म्हणजे अंक. बारकोडच्या जागी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), तोही टेक्स्टच, कारण जुन्या १० आकडी आयएसबीएनच्या शेवटी कधी कधी एक्स असतो. टिनटिनचं बघून करा, इंग्रजी अल्बम मूळ फ्रेंच क्रमाने निघाले नाहीत, त्यामुळे मूळ क्रम आणि तुमच्या भाषेतल्या प्रकाशनाचं वर्ष वेगवेगळे ठेवा.

संकलनांना मात्र पाचवं टेबल लागेल, "समावेश". डावीकडे संकलनाचा आयडी, उजवीकडे त्यात असलेल्या अंकाचा आयडी, प्रत्येक अंकाला एक ओळ. मग गहाळ यादी काढताना दोन प्रकारे काढता येते, छापील सुटा अंक नाही तो एक प्रकार आणि कुठल्याच रूपात वाचायला उपलब्ध नाही तो दुसरा. खरेदीला जाताना दुसरी यादी आधी बघावी असं माझं मत.

---

पिवळी_पानं

सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली. एसक्यूलाइटच करतो, डेटा भरायला डीबी ब्राउझर हा प्रोग्राम. शेवटचं एकच, सुरवात मालिकेच्या क्रमाने करू की खोक्याच्या?

---

रकानेकर

खोक्याच्या. मालिकेच्या क्रमाने गेलात तर एकाच वेळी सगळे खोके उघडे पडतात आणि काम मध्ये थांबलं तर अर्धवट पसारा. एक खोका उघडायचा, बाहेर ठळक आकडा चिकटवायचा, आतली प्रत अन् प्रत नोंदवायची, बंद करायचा. बारकोडचे शेवटचे आकडेही त्याच वेळी पुन्हा स्कॅन होऊन जातील. प्रत्येक खोका संपला की डेटाबेसच्या फाइलची तारीख घालून एक कॉपी, शिवाय सीएसव्ही, आणि त्यातली एक दुसऱ्या डिस्कवर. खोके हलवलेत तर जागा बदलायला प्रत्येक प्रत शोधावी लागू नये म्हणून खोक्याचंही छोटं टेबल करा, प्रतीत फक्त खोक्याचा नंबर आणि खोका कुठल्या कपाटात ते खोक्याच्या टेबलात.