१/(क्ष⁴ + १) चे संकलन: छेदाला वास्तव मूळच नसेल तर आंशिक अपूर्णांक कसे करावेत?

प्रश्न
क्ष ची कोणतीही वास्तव किंमत घेतली तरी क्ष⁴ + १ शून्य होत नाही. अशा छेदाचे अवयव पडतात का? पडत असल्यास, स्थिरांकांसाठी चार समीकरणे सोडवण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?

उत्तर १
वास्तव मूळ नाही, यावरून एकघाती अवयव नाही एवढेच ठरते. वास्तव सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदीचे एकघाती आणि द्विघाती वास्तव अवयव पडतातच. येथे २क्ष² मिळवून तेच वजा केले, की (क्ष² + १)² − (√२क्ष)² असा दोन वर्गांचा फरक मिळतो आणि छेद (क्ष² + √२क्ष + १)(क्ष² − √२क्ष + १) असा लिहिता येतो. ही युक्ती सोपी वाटली तरी १७०२ मध्ये लायब्निझसारख्या गणितज्ञाने अशा छेदाचे संकलन लॉगॅरिदम आणि वर्तुळाच्या आधारे होणार नाही असे मत मांडले होते. हे अवयव १७१९ मध्ये निकोलाउस बर्नोलीने दाखवले.

आता पहिल्या छेदावर अक्ष + ब आणि दुसऱ्यावर कक्ष + ड असे अंश घ्या. मूळ फलन सम आहे; क्ष च्या जागी −क्ष घातल्यास दोन्ही छेदांची अदलाबदल होते, म्हणून क = −अ आणि ड = ब. क्ष = ० घेतल्यास ब = १/२ आणि क्ष = १ घेतल्यास अ = १/(२√२) मिळते. चार समीकरणांची गरजच पडत नाही.

उत्तर २
पुढची पायरी: प्रत्येक अंशातून छेदाच्या विकलजाच्या पटीतला भाग वेगळा काढावा, त्यातून लॉग येतो, उरलेल्या स्थिर अंशाखालच्या छेदाचा पूर्ण वर्ग केला की टॅन⁻¹ येतो. उत्तर असे:

(१/(४√२)) लॉग[(क्ष² + √२क्ष + १)/(क्ष² − √२क्ष + १)] + (१/(२√२)) [टॅन⁻¹(√२क्ष + १) + टॅन⁻¹(√२क्ष − १)] + स्थिरांक

उत्तर ३
दोन्ही टॅन⁻¹ एकत्र करून टॅन⁻¹[√२क्ष/(१ − क्ष²)] लिहिण्याचा मोह होतो, परंतु ते फलन क्ष = १ पाशी खंडित आहे. ० ते अनंत या मर्यादांमध्ये त्यातून शून्य येते, जे धन फलनाच्या बाबतीत अशक्य आहे. वरच्या सुट्या रूपातून π/(२√२) हे बरोबर उत्तर मिळते.